हा कागद कुठे कुठे लागतो

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. मी एका कागदाच्या नावावर विश्वास ठेवला आणि त्यापायी एका म्हाताऱ्या मिस्त्रीची नोकरी जायची वेळ आणली. त्याहून वाईट म्हणजे, तो मिस्त्री मला आधीच सांगायला आला होता. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. सत्तावीस वर्षांच्या बाईला किती कळतं, हे तिलाच विचारावं. ती तासभर सांगेल. मी तर दोन तास सांगितलं असतं.

साठचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याची कलकत्त्याला बदली झाली, तो गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत जाऊ लागला. दोन-तीन वर्षांत परत जायचं म्हणून आम्ही पितळी डब्यांची पेटी उघडलीच नव्हती. (ती पेटी आजही अर्धी भरलेली आहे आणि आम्ही आजही इथेच आहोत, ते सोडा.) मी लग्नाआधी मुंबईत ट्रेसरचा कोर्स केला होता. म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंगच्या कापडावर शाईने गिरवायचं. हावड्याला माल उचलायची यंत्रं बनवणारा एक कारखाना होता, तिथे जाहिरात बघून गेले आणि लागले. सकाळी ट्रॅमने पूल ओलांडायचा, मग पायी. ड्रॉइंग ऑफिसात सगळे पुरुष आणि मी एकटी बाई. माझ्यासाठी कोपऱ्यात एक पडदा लावायचं चाललं होतं. मी म्हटलं, पडदा लावलात तर उजेड अडेल, आणि उजेड अडला तर रेघ वाकडी येईल. पडदा लागला नाही.

अक्षर माझं सुरेख होतं. हे मी म्हणत नाही, सगळेच म्हणत. म्हणूनच तर डोकं फिरलं. रद्दी झालेलं ट्रेसिंगचं कापड मी घरी आणायचे. सासूबाई ते गरम पाण्यात भिजवून त्याची खळ काढायच्या आणि त्या तलम मलमलीची ओळखीपाळखीतल्या बाळांना झबली शिवायच्या. कलकत्त्यातल्या मराठी घरांतली त्या काळातली निम्मी बाळं दोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या विंचच्या आणि कप्प्यांच्या ड्रॉइंगांत वाढली म्हणा ना. एका झबल्यावर तर धुऊनही माझा ‘स्केल’ हा शब्द राहिला होता. मला त्याचाही अभिमान!

चार वर्षांनी रेकॉर्ड रूमचे म्हातारे बाबू निवृत्त झाले आणि बडोबाबूंनी, म्हणजे आमच्या हेड ड्राफ्ट्समननी, ती खोली मला दिली. ‘अक्षर चांगलं आहे, रेकॉर्ड नीट ठेवेल.’ निघताना म्हातारे बाबू मला, बंगालीत लेकीसारख्या बाईला म्हणतात तसं ‘मा’ म्हणून, म्हणाले, “मा, महिनाभर माझ्याजवळ येऊन बस. मी रोज दुपारी येईन. कपाटात काय आहे ते कपाट सांगतं, पण कोण कुठे लागतं ते कपाट सांगत नाही.”

मी म्हटलं, “बाबू, सगळं नंबराने लावलेलं आहे ना? मग झालं.”

त्यांनी छत्री उचलली आणि गेले. तीस वर्षांचं सगळं त्यांच्या डोक्यात होतं, ते डोकं छत्रीखालून घरी गेलं. मी कपाटं पुसायला घेतली.

आता त्या खोलीत काय होतं ते सांगते, नाहीतर माझा मूर्खपणा तुम्हाला पुरता कळायचा नाही. प्रत्येक यंत्राची एक यादी असते, बिल ऑफ मटेरियल. त्या यंत्रात काय काय लागतं ते सगळं त्यात. पण यादीच्या पोटात याद्या असतात. ट्रॉलीच्या, म्हणजे ओझं टांगून तुळईवरून सरकणाऱ्या गाड्याच्या, यादीत लिहिलेलं असतं, ‘चाकांचा संच एक.’ त्या संचाची यादी वेगळी. तीत पिना. पिनेचं ड्रॉइंग वेगळं. आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात एखादी ओळ, ‘कडक करणे: कागद नंबर अमुक.’ तो कागद म्हणजे भट्टीवाल्यांसाठी अर्ध्या पानाची सूचना. यंत्राकडून कागदाकडे उतरत जाणं सोपं, पायऱ्या आहेत. पण कागद हातात घेऊन, हा कुठे कुठे लागतो, असं विचारलंत तर वर जायला जिनाच नव्हता. तो जिना म्हातारे बाबू होते.

माझी नात आता न्यू टाउनातल्या कंपनीत अशाच याद्यांचं काम करते. तिने मला लॅपटॉपवर दाखवलं. कागदावर बोट ठेवलं की तो कुठल्या कुठल्या यादीत आहे ते फांद्या फुटल्यासारखं उलगडतं. म्हणाली, “आजी, बघ, एक क्लिक!” मी म्हटलं, “मला काय सांगतेस, हे मी बुटांच्या खोक्यात केलं होतं.” तिला वाटलं आजीचं वय झालं. म्हणून हे लिहायला बसले.

तर तो कागद. त्याचं नाव होतं ‘पाच टनी विंचच्या पिना: कडक करण्याची पद्धत.’ पोलाद लालभडक तापवायचं आणि तेलात बुडवायचं. विंचच्या पिनांचं पोलाद बदललं, साधं आलं, आणि त्याला तेल चालेना, पाणी हवं. वरून हुकूम आला: जुना कागद मागे घ्या, त्याच नंबरचा नवा काढा. मी नाव वाचलं. विंच. विंचची यादी उघडली. होता कागद तिथे. मिटवली यादी. कारखानाभर स्वतः फिरून जुन्या प्रती गोळा केल्या, त्यांच्यावर लाल शिक्का मारला ‘रद्द’, खाली झोकदार सही केली आणि भट्टीच्या फळ्यावर नवा कागद टाचून आले. फळ्यापासून दोन पावलं मागे होऊन बघितलंसुद्धा, सरळ लागलाय ना म्हणून. हो, सरळ लागला होता.

कागद विंचच्या घरी जन्मला म्हणून नाव विंचचं. पण तो पुढे कुणाकुणाच्या घरी नांदत होता, हे नाव थोडंच सांगणार? स्वतः माहेरचं नाव बदलून आलेल्या बाईला हे सुचू नये!

आठवड्याने भट्टीचा मिस्त्री माझ्या दारात. साठीला टेकलेला, भुवया भट्टीने खाल्लेल्या. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस मला दीदी म्हणायचा आणि मी ते ऐकून घ्यायचे.

“दीदी, ट्रॉलीच्या पिना आल्यात.”

“बरं मग?”

“हे जुनं पोलाद आहे. चाकावर घासून ठिणगी बघितली मी. पाण्यात घातलं तर तडकेल. ह्याला तेल लागतं.”

“ह्या पिनांना कुठल्या नंबरचा कागद लावता तुम्ही?”

त्याने सांगितला. तोच.

“त्या कागदावर काय लिहिलंय?”

“पाणी. पण दीदी...”

“पाणी लिहिलंय ना? मग पाणी.”

मी तेव्हा एका कार्डावर शीर्षक काढत होते. ‘पाणी’ म्हणताना माझा टाक उचललासुद्धा गेला नाही. तो थोडा वेळ उभा राहिला असावा, कारण त्याच्या अंगाचा तेलकट धुराचा वास बराच वेळ खोलीत होता.

महिन्याभराने चाचणीच्या अंगणात ट्रॉलीला वजन टांगलं आणि पिन काचेसारखी तुटली. वजन वाळूत पडलं, कुणाला लागलं नाही. दुसरी लावली, तीही तुटली. त्याच आठवड्यात मिस्त्रीला नोटीस मिळाली: हलगर्जीपणा, चौकशी दोन आठवड्यांनी, तोवर कामावर यायचं नाही. चहाच्या वेळी बडोबाबूंनीच बातमी सांगितली. “म्हाताऱ्याने विंचचा कागद ट्रॉलीला वापरला. ट्रॉलीच्या यादीत तो कागद कुठेच नाही. नजर गेली असेल, दुसरं काय? निवृत्तीला दीड वर्ष होतं बिचाऱ्याचं, आता तसाच घरी जाणार.”

माझा चहा गार झाला. मी खोलीत जाऊन ट्रॉलीची यादी उघडली. खरंच, तो कागद नव्हता. आणि काय सांगू, मला हायसं वाटलं! एक अख्खी संध्याकाळ मी त्या सुखात काढली. पुलावरून ट्रॅम चालली होती, गंगेवर बोटी होत्या, आणि मी खिडकीत बसून स्वतःला सांगत होते, माझी काही चूक नाही, यादीत नाहीच मुळी.

रविवारी सासूबाईंनी माझं ते सुख काढून घेतलं. आमच्याकडे मराठी मंडळींची सामाईक भांडी असायची. गणपती, बारसं, मुंज, कुणाकडे काहीही असलं की आमच्याकडून पातेली जायची. कुणाकडे काय गेलं याची मी छान वही केली होती, घराप्रमाणे पानं पाडून. सासूबाई मात्र स्वयंपाकघराच्या दारामागे कोळशाने लिहायच्या, भांड्याप्रमाणे. मला ते गावंढळ वाटायचं. त्या दिवशी बारशासाठी कुणीतरी छोटं घंगाळ मागायला आलं. मी वही चाळली. कुठल्याच घराच्या पानावर घंगाळ नाही.

“नाही दिलेलं कुणाला. घरातच असेल.”

“वहीत नाही म्हणून घरात आहे होय?” सासूबाई दारामागे गेल्या. “हे बघ. घंगाळ गेलं मधल्या पातेल्याच्या पोटात. ते पातेलं गेलं मोठ्या टोपाच्या पोटात. आणि टोप गेला भवानीपूरला. तू वहीत काय लिहिलंस?”

“टोप एक,” मी म्हणाले.

“मग? भांडं हरवलं तर भांड्यालाच विचारावं ना, तू कुठे कुठे गेलंस म्हणून. घरांना काय विचारतेस?”

मी तिथेच पाटावर बसले. टोपाच्या पोटात पातेलं, पातेल्याच्या पोटात घंगाळ. ट्रॉलीच्या पोटात चाकांचा संच, संचाच्या पोटात पिनेचं ड्रॉइंग, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात...

सोमवारी ते ड्रॉइंग काढलं. होती ओळ. ‘कडक करणे’, आणि पुढे तोच नंबर. आणि अक्षर? माझंच! चार वर्षांपूर्वी मीच ते ट्रेसिंग केलं होतं. अक्षर सुबक आलं म्हणून दोनदा कौतुकाने बघितलं असेन, काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नव्हतं.

बडोबाबूंना सांगितलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. दार लोटून म्हणाले, “हे बघ मा, रेकॉर्ड रूमचं नाव चौकशीत कुठेच नाही. कशाला आणतेस? उद्या हेच म्हणतील की बाईला खोली दिली म्हणून झालं. तुझ्यानंतर एकही मुलगी इथे पाय ठेवू शकणार नाही.”

“म्हणजे मी गप्प बसले तर मुलींचं भलं होईल?”

“शांत डोक्याने विचार कर.”

“केला. मिस्त्री मला सांगायला आला होता, बडोबाबू. शांत डोकं तेव्हाच होतं माझं. फार शांत होतं.”

चौकशीला नऊ दिवस राहिले होते. एकट्या ट्रॉलीचं सांगून भागणार नव्हतं. ट्रॉलीच्या पोटात हा कागद होता, तर आणखी कुणाच्या पोटात असेल? मी ड्रॉइंग पेपरच्या कापलेल्या पट्ट्या घेतल्या, एकेका कागदाच्या नंबराची एकेक पट्टी केली, आणि पहिल्या कपाटातली पहिली यादी उघडली. एकेक यादी, तिच्या पोटातली यादी, तिच्या पोटातलं ड्रॉइंग, कोपऱ्यातली ओळ. ओळीत ज्या कागदाचा नंबर दिसला, त्याच्या पट्टीवर यंत्राचं नाव. ऑफिसातले ड्राफ्ट्समन येता-जाता विचारायचे, “दीदी, पत्ते पिसताय का?” मी म्हणायचे, “हो, तुम्हालाही एक हात वाटते, थांबा.”

सगळ्या पट्ट्या घरी आणून आम्ही रविवारी दुपारी जमिनीवर मांडल्या. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण ट्रॅम आणि बसचे नंबर वाचून वाचून आकडे पाठ झाले होते. त्या डाळ निवडावी तशा पट्ट्या निवडत होत्या. मधेच म्हणाल्या, “हा तुझा विंचवाला फार हिंडलाय गं. सहा घरी आहे!”

सहा. विंच, ट्रॉली आणि आणखी चार. त्यांतल्या एका क्रेनच्या हुकाच्या पिना पाण्यात बुडवून झालेल्या होत्या आणि स्टोअरमध्ये पडून होत्या, पुढच्या महिन्यात क्रेनमध्ये बसून बाहेर जायच्या.

नवरा दारातून म्हणाला, “अगं, कशाला उगाच? आपली बदली होईलच.”

सासूबाई मान वर न करता त्याला म्हणाल्या, “तुझे नवे बूट ज्या खोक्यात आले ते खोकं दे इकडे.”

चौकशी मॅनेजरच्या खोलीत होती. मला कुणी बोलावलं नव्हतं. बाहेर युनियनची माणसं जमली होती, घेरावाची भाषा चालली होती. त्यांना वाटलं मी मॅनेजरसाठी काही घेऊन चालले आहे, म्हणून वाट दिली. आत मिस्त्री उभा होता, हात मागे बांधून. मी खोकं टेबलावर ठेवलं.

मॅनेजर म्हणाला, “कुणी बोलावलं तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“काय आहे ह्यात? बूट?”

“बूट घरी आहेत. ह्यात तुमचे कागद कुठे कुठे लागतात ते आहे.”

बडोबाबूंनी डोळे मिटून घेतले. मी पट्टी काढली आणि वाचली. कागदाचा नंबर, मग सहा यंत्रं. प्रत्येकापुढे वाट लिहिलेली, कुठल्या यादीतून कुठल्या यादीत, कुठल्या ड्रॉइंगच्या कुठल्या कोपऱ्यात. म्हटलं, “ट्रॉलीच्या यादीत हा कागद नाही असं तुम्ही म्हणता. आहे. तीन पायऱ्या खाली. जुना कागद मी मागे घेतला, शिक्का माझा, खालची सही माझी. आणि ह्यांनी मला येऊन सांगितलं होतं की पोलाद तडकेल. मी म्हटलं, पाणी लिहिलंय, पाणीच.”

“तुम्हाला कळतंय तुम्ही काय बोलताय?”

“आता कळतंय. तेव्हा कळत नव्हतं. ह्यांना काढायचं असेल तर काढा, पण स्टोअरमध्ये क्रेनच्या पिना पडल्यात. त्या ह्यांना काढल्याने सुधारणार नाहीत. एक इथे मागवा आणि हातोडा मारून बघा.”

मागवली. त्या खोलीत हातोडा मारला नाही, कारण जमिनीवर गालिचा होता. बाहेर व्हरांड्यात मारला. आवाज ऐकून युनियनवाले जवळ सरकले. मॅनेजर आत आला तो पिनेचे दोन तुकडे हातात घेऊन, आणि खुर्चीत बसल्यावरही ते त्याने खाली ठेवले नाहीत.

मिस्त्रीचा आरोप त्याच दिवशी मागे घेतला. माझ्यावर लेखी ठपका आला, तो यायलाच हवा होता. पण बडोबाबूंनी माझी दया येऊन माफीपत्राचा मसुदा टाइप करून आणला होता. ‘घरगुती अडचणींमुळे लक्ष विचलित होऊन माझ्या हातून ही चूक झाली.’

मी म्हटलं, “माझ्या घरी कसलीच अडचण नव्हती.”

“अगं मा, लिहायची पद्धत असते. बायकांचं असं लिहिलं की सोडून देतात.”

“सोडून द्यायला नको आहे मला. माझ्या घरामुळे चूक झाली नाही, घरामुळे चूक सापडली. हे लिहायचं असेल तर लिहा.” आणि मी फूटपट्टी लावून, शाईने, ती ओळ खोडली. सरळ रेघ. वर लिहिलं, ‘मी फक्त शीर्षक वाचलं आणि अनुभवी माणसाचं ऐकलं नाही.’ सही केली, या वेळी साधी.

त्यांनी मला रेकॉर्ड रूममधून काढलं आणि ट्रेसिंगच्या टेबलावर परत बसवलं. तिथे कोपऱ्यात पुन्हा पडद्याची गोष्ट निघाली. मी पुन्हा उजेडाची गोष्ट काढली. माझ्या जागी आलेल्या बाबूंनी खोकं मागितलं. मी दिलं नाही. म्हटलं, बघायचं असेल त्याने इथे यावं. मग यायला लागले. आधी लपतछपत, मग सरळ. कुठलाही कागद बदलायचा म्हटलं की कुणीतरी माझ्या टेबलाशी उभं, “दीदी, हा कुठे कुठे आहे?” मी विचारायचे, “शीर्षक वाचलंत का?” ते म्हणायचे, “हो.” मी म्हणायचे, “मग विसरा.”

ह्या सगळ्यात मिस्त्री एकदाही माझ्याशी बोलला नाही. लांबून दिसायचा, भट्टीच्या दारात. मला वाटायचं, कधीतरी येईल, चार शब्द बोलेल. भर चौकशीत घुसले होते मी त्याच्यासाठी! त्या चार शब्दांची मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. उत्तर काय द्यायचं तेही बंगालीत जुळवून ठेवलं होतं, नम्र वगैरे.

दोनेक महिन्यांनी तो आला. तेच अंगाचं तेल आणि धूर. हातात एक कागद होता, चिमट्यात धरावा तसा दोन बोटांत धरलेला. मी टाक खाली ठेवला आणि मान वर केली. तो बंगालीत बोलला, मी जसंच्या तसं मराठीत देते:

“दीदी, आभार मानायला नाही आलो. त्या दिवशी तुम्ही अशी मान वर केली असतीत तर खोक्याची गरजच पडली नसती. आता खोकं केलंच आहे, तर हा कागद बघा, कुठे कुठे लागतो. मी थांबतो.”